स्टंट भारी असला म्हणून पिक्चर भारी होत नाही

"ॲक्शन पिक्चरले स्टोरी कशाले पाहिजे" हे वाक्य मी कॉलेजच्या पोट्ट्यांपासून तर आमच्या ऑफिसातल्या साहेबांपर्यंत सगळ्यांकडून ऐकलंय आणि दरवेळी माझं डोकं तापतं. असं बोलणाऱ्यांना वाटतं की आपलं ॲक्शनवर लय प्रेम आहे, आणि मला वाटतं की ॲक्शनला सगळ्यात कमी किंमत हेच लोक देऊन राहिले. आज जरा लांबलचक लिहिते, ज्यांना वेळ आहे त्यांनी वाचा.

आधी सांगून ठेवते, मी मारधाडीच्या पिक्चरची पक्की फॅन आहे. नागपूरला सदरमधल्या लिबर्टी टॉकीजमध्ये, बर्डीवरच्या पंचशीलमध्ये बाबांसोबत फायटिंगचेच पिक्चर पाहत मोठी झाले, आईला रडायचे पिक्चर आवडायचे आणि आम्हा दोघांना हाणामारीचे. गाडी हवेत उडाली की मी आजही टाळ्या पिटते. म्हणून कोणी "तुम्ही बायका, तुम्हाला ॲक्शनमधलं काय कळतं" हे कृपा करून सुरू करू नका.

तर झालं असं की मध्यंतरी एक मोठा हिंदी ॲक्शन पिक्चर पाहिला, नाव घेत नाही कारण तसे कितीतरी येऊन राहिले, एकट्याला कशाला धरायचं. क्लायमॅक्समध्ये हिरो एका हेलिकॉप्टरमधून दुसऱ्या हेलिकॉप्टरवर उडी मारून राहिला होता, खाली समुद्र, मागे स्फोट, म्युझिकने खुर्च्या हादरून राहिल्या होत्या, आणि समोरच्या रांगेत बघते तर एकामागून एक मोबाईल पेटले. कोणी व्हॉट्सॲप पाहून राहिलं, कोणी पार्किंगची गर्दी व्हायच्या आधी निघायचं म्हणून अंधारात पायानेच चपला शोधून राहिलं. चिडलेलं कोणीच नव्हतं, शिव्याही कोणी देत नव्हतं, फक्त कोणाला काही फरकच पडत नव्हता. हिरो मरणार नाही हे तर कोणत्याही पिक्चरमध्ये आधीच माहीत असतं, पण इथे तो वाचला काय न् मेला काय, त्याने कोणाचं काय बिघडणार आहे हे अडीच तासांत कोणी सांगितलंच नव्हतं.

बाहेर आल्यावर माझा भाचा म्हणाला, "मावशी, स्टोरी जाऊ दे नं, स्टंट भारी होते, पैसा वसूल." मी विचारलं, बरं, तो त्या दुसऱ्या हेलिकॉप्टरमध्ये काऊन जाऊन राहिला होता रे? "व्हिलन होता नं तिथं." व्हिलनजवळ काय होतं? "काहीतरी चिप होती." कसली चिप? आता तो गप्प. अर्ध्या तासापूर्वी पाहिलेला पिक्चर आणि पोट्ट्याला आठवत नाही की जीव कशासाठी धोक्यात घातला होता, आणि यात त्याची काहीच चूक नाही. चिप, हार्ड डिस्क, कोड, किल्ली, दर पिक्चरमध्ये वस्तू बदलते फक्त.

आता किल्लीवरून टॉम क्रूझवर येते, कारण या वादात त्याचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. २०२३ च्या 'मिशन इम्पॉसिबल: डेड रेकनिंग'मधली मोटरसायकलची उडी आठवते ना? नॉर्वेतला उंच कडा, त्यावर बांधलेला रॅम्प, सुसाट जाऊन बाईकसकट हवेत जायचं, मग बाईक सोडायची आणि पॅराशूट उघडायचं, सगळं खरंखुरं. पिक्चर यायच्या कितीतरी महिने आधी त्याच्या मेकिंगचा व्हिडिओ यूट्यूबवर आला होता. तो मी श्वास रोखून पाहिला. तयारीसाठी ५०० च्या वर स्कायडाइव्ह आणि मोटोक्रॉसच्या १३,००० उड्या. शूटिंगच्या पहिल्याच दिवशी हा स्टंट ठेवला, कारण काही बरंवाईट व्हायचंच असेल तर ते पहिल्याच दिवशी कळलेलं बरं. दिग्दर्शक मॅक्वारी मॉनिटरसमोर जीव मुठीत घेऊन बसलेला. आणि एकदा नीट झाल्यावर गप्प बसायचं की नाही, तर बाबाने ती उडी सहा वेळा मारली.

मग थिएटरमध्ये तोच सीन आला. दिसायला सुंदरच होता, रॅम्प कॉम्प्युटरने पुसून तिथे खडक दाखवला होता. पण व्हिडिओ पाहताना छातीत जसं धडधडलं तसं काही झालं नाही. हे काऊन झालं असेल याचा मी बरेच दिवस विचार करत होते आणि मला जे उत्तर सापडलं ते हे, की मेकिंगच्या व्हिडिओला स्टोरी आहे. साठीकडे झुकलेला एक माणूस आहे, त्याला एक वेड्यासारखी गोष्ट करायची आहे, तो त्यासाठी महिनोन् महिने राबतो, सोबतच्या लोकांच्या तोंडचं पाणी पळालेलं आहे, हातात काही सेकंद आहेत आणि चुकला तर संपला. पिक्चरमध्ये मात्र त्याला चालत्या ट्रेनवर पोचायचं असतं, ट्रेनमध्ये ती किल्ली असते आणि किल्ली कशाची हे समजावून सांगण्यातच पिक्चरचा कितीतरी वेळ गेलेला असतो. मी खुर्चीत बसून टॉम क्रूझसाठी घाबरले, पिक्चरमधल्या त्याच्या ईथन हंटसाठी नाही घाबरले. म्हणजे स्टंटने स्टोरीची कमी भरून काढली असं झालंच नाही, पिक्चरने नीट दिली नाही ती स्टोरी पब्लिसिटीवाल्यांनी आधीच देऊन ठेवली होती.

याच्या उलट याच सिरीजमधला २०११ चा बुर्ज खलिफाचा सीन घ्या. तिथेही क्रूझ स्वतःच जगातल्या सगळ्यात उंच बिल्डिंगच्या बाहेर लटकलेला आहे, पण आपल्या लक्षात काय राहतं, तर तो हातमोजा. काचेला चिकटणारे दोन हातमोजे असतात, निळा लाईट असला तर चिकटलं आणि लाल झाला तर मेलास, एवढं एका वाक्यात सांगून टाकलेलं. मग वर चढता चढता एका मोज्याचा लाईट लाल व्हायला लागतो. बस! त्यानंतर मी बिल्डिंग किती उंच आहे ते पाहतच नाही, मी तो लाईट पाहते. वेळ कमी, खोलीत टीम खोळंबलेली, एक मोजा गेलेला आणि अजून वर जायचंय. एका छोट्या दिव्यावर सगळा जीव टांगलेला आहे आणि हे काम स्टंटवाल्याचं नाही, हे लिहिणाऱ्याचं काम आहे.

काही लोक म्हणतील की मग खऱ्या स्टंटला काही अर्थच नाही का. आहे, लय आहे. पण खरेपणा म्हणजे सगळं काही नाही. 'आरआरआर'मधला पुलाचा सीन खोटा आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं, एक घोड्यावर, एक मोटरसायकलवर, दोघं दोरीला बांधून पुलाच्या दोन बाजूंनी खाली उड्या मारतात, मधे आग आणि आगीत अडकलेला पोरगा. फिजिक्सच्या सरांनी पाहिलं तर चक्कर येईल. तरी थिएटर डोक्यावर घेतलं होतं पब्लिकने! कारण ती दोन अनोळखी माणसं एकमेकांशी एक शब्द न बोलता फक्त हाताच्या खुणांनी ठरवतात काय करायचं ते, आणि आपल्याला माहीत असतं की यातला एक जण ज्याला शोधून राहिला तो हाच दुसरा आहे. पुलाखाली दोघं एकमेकांचा हात धरतात तिथे दोस्ती सुरू होते आणि ती पुढे मोडणार हेही तिथेच कळतं. म्हणजे तो स्टंट काढून टाकला तर पिक्चरच उरत नाही. त्या हेलिकॉप्टरवाल्या उडीचं तसं नाही, ती काढून टाका, कोणाला पत्ता लागणार नाही.

आणि ही काही आजकालची अक्कल नाही. 'शोले'तली मालगाडीची मारामारी, १९७५ ची, पनवेलजवळ मुंबई-पुणे लाईनवर शूट केलेली, ती फक्त मारामारी आहे का? दोन कैदी पळून जाऊ शकत होते, जखमी इन्स्पेक्टरला मरायला सोडून, आणि नाणं उडवून ते थांबतात. पुढचा अख्खा पिक्चर त्या एका गोष्टीवर उभा आहे, ठाकूर त्यांनाच का शोधत येतो ते तिथेच आहे. व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखें बारह हाथ'साठी स्वतः बैलाशी झुंज घेतली, डोळ्यांना इजा झाली, पण पिक्चर पाहताना आपला जीव तुटतो तो त्यांनी केलेल्या जेलरसाठी, कारण तो कोणासाठी उभा राहिला ते आपण पाहिलेलं असतं.

इथे एक घोळ नेहमी होतो म्हणून सांगते. स्टोरी छोटी असणं वेगळं आणि कमजोर असणं वेगळं. २०१५ चा 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' म्हणजे काय, तर गाड्या घेऊन जातात आणि तोच रस्ता धरून परत येतात. नामिबियाच्या वाळवंटात खऱ्या गाड्या, खरी माणसं काठ्यांवर झुलून राहिलेली. पण त्यातली हिरॉईन फ्युरिओसा जिथे जायला निघाली ती जागाच उरली नाही हे कळल्यावर ती वाळूत चालत जाते, गुडघ्यावर बसते आणि ओरडते, तेव्हा एवढा वेळ चाललेल्या धावपळीचं वजन एकदम अंगावर येतं. सहा ऑस्कर उगीच नाही मिळाले त्याला. 'जॉन विक'चंही तेच, मेलेल्या बायकोने पाठवलेलं कुत्र्याचं पिल्लू मारलं, एवढीच स्टोरी, पण पुढची प्रत्येक गोळी त्या पिल्लापाशी जाऊन पोचते. आणि तो पिक्चर करणारा चॅड स्टाहेल्स्की हा 'मॅट्रिक्स'मध्ये कियानू रीव्ह्जचा स्टंट डबल होता. ज्याने स्वतः मार खाल्ला त्याला बरोबर कळलं की मार कशासाठी खायचा ते आधी पब्लिकला कळायला पाहिजे.

मला खरा राग येतो तो इथे. आपल्या विदर्भात, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडे, मंडई म्हणजे गावची जत्रा, नाहीतर शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत असली की रात्री झाडीपट्टीचं, म्हणजे आमच्या या भागातलं नाटक असतं, लोक थंडीत चादरी घेऊन पहाटेपर्यंत बसतात. दिवसा पटात बैलजोड्या धावतात तेव्हा परक्या माणसाला सगळ्या जोड्या सारख्याच दिसतात, तो पाहतो, फोटो काढतो, कंटाळतो. पण गावातल्या माणसाला माहीत असतं ही जोडी कोणाची, मागच्या साली थोडक्यात कशी हरली, म्हणून तो काठावर पंजांवर उभा राहून ओरडतो. आपल्या पब्लिकला हे सगळं उपजतच कळतं हो. आणि मुंबईत बसलेले लोक म्हणतात की छोट्या गावच्या पब्लिकला फक्त मारधाड पाहिजे, स्टोरी नाही समजत त्यांना! रात्रभर नाटकातल्या सासू-सुनेसाठी, भावाभावाच्या भांडणासाठी डोळे पुसणारं पब्लिक आहे हे, त्याला काय समजत नाही?

दुसरं म्हणजे स्टंट करणारी माणसं. 'शोले'तल्या टांग्यावर हेमा मालिनीच्या जागी रेश्मा पठाण होत्या, टांगा उलटून जखमी झाल्या, हे किती जणांना माहीत आहे? २०१६ मध्ये बंगळुरूजवळ एका कन्नड पिक्चरच्या शूटिंगमध्ये हेलिकॉप्टरमधून तलावात उडी मारलेले दोन नट बुडून गेले. २०२५ च्या जुलैमध्ये तामिळनाडूत गाडी उलटवायचा स्टंट करताना एक अनुभवी स्टंट आर्टिस्ट गेला. हे आठवलं की "स्टंट भारी होते, स्टोरी गेली खड्ड्यात" हे मला ऐकवत नाही. कोणीतरी हाडं मोडून, जीव पणाला लावून ती दहा सेकंदं देतो आणि लिहिणारा माणूस त्या दहा सेकंदांना एक धड कारण देऊ शकत नाही? लिहायला तर कोणाचं हाड मोडत नाही ना. आपल्याकडे राष्ट्रीय पुरस्कारात ॲक्शनचं बक्षीस आलं, पहिलं फाइट मास्टर पीटर हाइन यांना 'पुलिमुरुगन' या मल्याळम पिक्चरसाठी मिळालं, ऑस्करवालेही २०२७ च्या पिक्चरपासून स्टंटसाठी वेगळं बक्षीस देणार आहेत, लय आनंद झाला मला. पण बक्षीस एका दिवसाचं असतं. स्क्रिप्ट लिहून राहिले असता तेव्हाच फाइट मास्टरला बोलवा, त्याला सीन पूर्ण झाल्यावर "इथे काहीतरी भारी टाका" असं सांगू नका.

भाच्याला मी हे सगळं बोलून दाखवलं तर तो म्हणतो, "मावशी, तू लय सिरियस होऊन राहिली." होऊन राहिली बाबा, कारण माझे पैसे, माझा रविवार आणि त्या माणसाचा जीव, तिन्ही खरे आहेत.

तुम्हाला आठवणारा एक स्टंट कमेंटमध्ये लिहा, हिंदी, तेलुगू, इंग्रजी, मराठी काहीही चालेल. फक्त पिक्चरचं नाव टाकून पळू नका, तो माणूस तिथे काऊन गेला होता तेही लिहा.