मुका कोण?

पोलिशमध्ये मुक्याला 'न्येमी' म्हणतात आणि जर्मन माणसाला 'न्येम्येत्स'. रशियनमध्येही तेच, 'न्येमोय' आणि 'न्येमेत्स'. ज्याची भाषा कळत नाही तो मुका! जर्मन बिचारे घसा फोडून बोलत असणार, पण यांच्या लेखी मुकेच.

दोन्ही शब्दांचं मूळ आदिस्लाव्ह 'नेमु'. आदिस्लाव्ह म्हणजे पोलिश, रशियन वगैरे स्लाव्ह भाषांची आई. तो कुठे लिहिलेला सापडत नाही, आजच्या स्लाव्ह भाषांवरून मागे जात अभ्यासकांनी बांधलाय. त्याच्याही मागे काय? मला पटतं ते असं: लाटव्हियनमध्ये मुक्याला 'मेम्स' म्हणतात. म्हणजे मूळ शब्द 'मेम'सारखा, ओठ मिटून में-में करणाऱ्याची नक्कल. पुढे दोन 'म'पैकी पहिल्याचा 'न' झाला. यात नवल नाही, आपल्याकडेही नंबरचा 'लंबर' होतोच की.

दुसरं मत असं की हे नाव ऱ्हाईनकाठच्या नेमेटेस टोळीवरून आलं. आवाज जुळतो, नकाशा जुळत नाही. ती टोळी पार पश्चिमेला, स्लाव्ह पूर्वेला. 'स्लाव्ह' म्हणजे 'स्लोवो'वाले, शब्द असणारे, आणि जर्मन म्हणजे मुके, ही जोडगोळी तर इतकी गोंडस आहे की मला जरा संशयच येतो. त्यावर अभ्यासकांचंही एकमत नाहीये.

पण शब्दाचा प्रवास काय भारी आहे! ऑस्ट्रियाला अरबीत आजही 'अन्-नम्सा' म्हणतात, तो हाच शब्द, तुर्कांमार्फत गेलेला. आणि मॉस्कोत 1652 साली परदेशी लोकांना शहराबाहेर वसवलं, त्या वस्तीचं नाव 'न्येमेत्स्काया स्लोबोदा'. तिथले दोन बडे रहिवासी कोण? गॉर्डन, स्कॉटिश. लफोर्त, जिनिव्हाचा. दोघांपैकी जर्मन एकही नाही! पण रशियन येत नाही ना, मग सगळे न्येमेत्स.

हसू नका. शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात असुर 'हे अरयो' (अहो शत्रूंनो) ऐवजी 'हेऽलवो' असं ओरडतात, 'र'च्या जागी 'ल', आणि तेवढ्यावर ते म्लेंच्छ ठरतात. आणि आपलं 'यंडुगुंडू'? ते कुठल्या व्याकरणातून आलं?

हॉस्टेलवर माझा रूममेट हुबळीचा होता. रात्री एसटीडी बूथवरून आईशी बोलायला लागला की आम्ही बाहेर उभे राहून 'यंडुगुंडू यंडुगुंडू' करायचो. तोही हसायचा. त्याला कानडी, मराठी, हिंदी, इंग्रजी अशा चार भाषा येत होत्या. आम्हाला दीड.