नव्या गाडीचं वेटिंग नेमकं अडतं कुठे?

चाकण पट्ट्यात नोकरी करणारी मंडळी संध्याकाळी निगडीच्या कट्ट्यावर जमली की गाडीचं वेटिंग हा विषय निघतोच. या वेळी सुरुवात प्रसादने केली.

"शोरूमवाले गाड्या दाबून ठेवतात, दुसरं काही नाही. त्यांच्याकडून ॲक्सेसरीज आणि इन्शुरन्स घेणाऱ्याला आधी गाडी, बाकीच्यांनी बसायचं वाट बघत."

"तसं करणारे आहेत, नाही म्हणत नाही," शिरीषकाका म्हणाले. काका प्रॉडक्शन प्लॅनिंगमधले. "पण त्याने तुझा नंबर थोडाफार मागे जाईल. वर्षभराचं वेटिंग शोरूमच्या यार्डात तयार होत नाही रे. ३० जुलै २०२२ ला स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग उघडलं आणि अर्ध्या तासात एक लाख नोंदी झाल्या. एवढ्या गाड्या कुठली लाइन काढणार?"

"मग लाइन वाढवा ना! मागणी तर समोर दिसतेय."

"फक्त लाइन वाढवून भागत नाही," स्नेहा म्हणाली. ती पार्ट पुरवणाऱ्या कंपनीत परचेस बघते. "बंपरचा एक जादा मोल्ड करून, ट्रायल घेऊन, पास व्हायला महिने जातात. आणि दिवसाला गाड्या किती निघणार, हे सगळ्यात कमी आलेला पार्ट ठरवतो. २०२१ आठव. फेब्रुवारीत टेक्सासमध्ये थंडीच्या लाटेत वीज गेली नि ऑस्टिनचे चिप कारखाने बंद पडले. मार्चमध्ये जपानात रेनेसास या चिप कंपनीच्या नाका इथल्या कारखान्याला आग लागली. मग मलेशियात लॉकडाऊन, आणि चिपचं पॅकिंग-टेस्टिंग मोठ्या प्रमाणावर तिथेच होतं. त्या सप्टेंबरात उत्पादन नेहमीच्या ४० टक्क्यांच्या आसपास राहील, असं मारुतीला जाहीर करावं लागलं. आज वेफर, म्हणजे चिप बनवायची सिलिकॉनची चकती, लाइनवर टाकली तरी तयार चिप हातात यायला तीन-चार महिने लागतात. पैसे जास्त मोजले म्हणून ती उद्या येत नाही."

"ते झालं तेव्हाचं."

"त्यानंतर मोटरमधली चुंबकं अडली. ४ एप्रिल २०२५ ला चीनने काही रेअर अर्थ धातूंच्या आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीला परवाना लावला. मोटर तापली तरी चुंबकाची ताकद टिकावी म्हणून त्यात डिस्प्रोशियम, टर्बियम घालतात, ते त्याच यादीत आहेत. ईव्हीवाल्यांना लगेच झळ बसली."

काकांनी मुद्दा पुढे नेला. "म्हणूनच 'या गाडीला वेटिंग किती' असं विचारून काही कळत नाही. व्हेरियंट, इंजिन, गिअरबॉक्स, रंग, चारही सांगून विचारायचं. टॉप मॉडेलमध्ये रडार, कॅमेरा, मोठी स्क्रीन. यातलं एक अडलं की ते मॉडेल अडलं. खालचं मॅन्युअल मॉडेल मात्र चालू राहतं. इनोव्हा हायक्रॉसच्या वरच्या हायब्रिड मॉडेलांचं बुकिंग टोयोटाने एप्रिल २०२३ मध्ये थांबवलंच होतं, पेट्रोलवाल्या गाड्या मिळत होत्या."

प्रसाद ऐकेना. "पण गिऱ्हाइकाने काय करायचं? वर किंमतही वाढवतात."

"बुकिंग फॉर्मवर डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागेल असं छापलेलं असतं, ते सही करण्याआधी वाचायचं," स्नेहा म्हणाली. "कधी ते फायद्याचंही ठरतं. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटी बदलला, मोठ्या एसयूव्हीवरचा एकूण कर ५० वरून ४० टक्क्यांवर आला. तोवर बिल न झालेल्यांना नवा दर मिळाला. बाकी शोरूमच्या पावतीवर थांबू नकोस. कंपनीच्या सिस्टिममधला ऑर्डर नंबर माग. तो नसेल तर तुझं नाव फक्त त्यांच्या वहीत आहे, रांगेत नाही. आणि व्हेरियंट बदलला तर जुनी बुकिंगची तारीख टिकते का, हे मेलवर लिहून घे. तोंडी 'हो साहेब' चालत नाही."

"चॅसिस नंबर मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे भरायचे नाहीत," काका म्हणाले. "आणि पासिंगच्या आधी यार्डात जाऊन तीच गाडी बघायची. एकदा तुझ्या नावावर नोंदली की बदलून मिळणं मुश्कील. पाडव्याला, दसऱ्याला घाईत लोक नेमकं हेच विसरतात. फॉर्म २२ म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपनीचं प्रमाणपत्र, त्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं. टायरच्या बाजूला डीओटी कोडच्या शेवटी चार आकडे बघ. ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. टायर गाडीपेक्षा थोडे जुने असणारच, पण गाडीच्या महिन्यानंतरचे निघाले तर टायर का बदलले ते विचारायचं. जानेवारीत डिसेंबरची गाडी देत असतील तर त्याची सूट मागायची, कारण विकताना वर्ष मोजलं जातं."

"आणि जुनी गाडी आधीच विकलीस तर विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलच्या सवलतीचं पत्र घेऊन ठेव," स्नेहाने आठवण केली. "बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. ते पत्र तीन वर्षं चालतं आणि नव्या गाडीच्या ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या प्रीमियमवर ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते."

"आणि शोरूम म्हणालं, इन्शुरन्स आमचाच घ्या, नाहीतर गाडी नाही?"

"तशी सक्ती त्यांना करता येत नाही. बाहेरचं कोटेशन दाखव आणि नकार लेखी माग. बहुतेक ठिकाणी तिथेच भाव खाली येतो."

"आणि नाहीच आला तर?" प्रसादने विचारलं.

"तर बाहेरची पॉलिसी काढ, चॅसिस नंबर आहेच तुझ्याकडे," काका म्हणाले.