डिझेल सांडलेल्या वावरात जीवामृत ओतून भागत नाही

जीवामृत म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन पाण्यात आंबवून केलेलं द्रावण. त्याबद्दल शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा मजकूर साधारण असा: "वावरात डिझेल सांडलं तर घाबरू नका. एक ड्रम जीवामृत ओता. शेणातले कोट्यवधी जिवाणू आठ दिवसांत डिझेल खाऊन टाकतात. विहिरीत उतरलं असेल तर तिथंही ओता. वास गेला की जमीन शुद्ध झाली समजा." पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. पण यातल्या विहिरीच्या सल्ल्यानं माणसं आजारी पडू शकतात, म्हणून एकेक मुद्दा तपासायलाच हवा.

जिवाणू डिझेल खातात, हे खरंच आहे. स्यूडोमोनास, ऱ्होडोकॉकस, ॲसिनेटोबॅक्टर अशा जातींचे जिवाणू डिझेलमधल्या कार्बनच्या साखळ्या तोडून त्यांवर जगतात. टेरी या ऊर्जा-पर्यावरणावर संशोधन करणाऱ्या संस्थेनं अशा जिवाणूंचं 'ऑइलझॅपर' नावाचं मिश्रण तयार केलं आणि ते तेलशुद्धीकरण कारखान्यांतल्या तेलकट गाळावर वापरलंही गेलं. इथवर वाद नाही.

"शेणातले कोट्यवधी जिवाणू" इथून गाडी घसरते. शेणातले बहुतेक जिवाणू गाईच्या पोटातले, हवेशिवाय जगणारे. डिझेल फोडायला मात्र हवा लागते. ज्यांना हे काम जमतं ते जिवाणू आपल्या मातीत थोडेफार आधीपासूनच असतात आणि डिझेल मिळालं की वाढतात. 1989 साली अलास्कात एक्सॉन वाल्डेझ जहाजातून तेल सांडलं, तेव्हा किनाऱ्यावर मोठ्या प्रमाणावर टाकलं गेलं ते नत्र-स्फुरदाचं खत. काम तिथल्याच जिवाणूंनी केलं. म्हणजे अडतं ते जिवाणूंवाचून नव्हे, तर हवा, ओल आणि नत्रावाचून.

आता एका ड्रमचा हिशेब मांडू. शंभर भाग कार्बनला दहा भाग नत्र, हा या कामातला नेहमीचा ठोकताळा. त्यानुसार लिटरभर डिझेलला साधारण 70 ग्रॅम नत्र लागतं. 200 लिटर जीवामृतात दहा किलो शेण, दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ आणि दोन किलो बेसन. सगळं धरून नत्र भरतं दोन-अडीचशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे तीनेक लिटर डिझेलपुरतं. त्यातही गूळ आडवा येतो. डिझेलपेक्षा तो पचायला कितीतरी सोपा, म्हणून जिवाणू आधी त्याच्यावर तुटून पडतात आणि हवा व नत्र तिथंच खर्ची पडतं. हवेचं गणित तर याहून अवघड आहे. एक लिटर डिझेल पूर्ण जिरवायला तीन किलोच्या आत-बाहेर ऑक्सिजन लागतो, म्हणजे सुमारे दहा हजार लिटर हवेतला सगळा. वरून पाणी ओतून ही हवा मातीत जात नाही, उलट होती तीही कोंडते.

"आठ दिवसांत" हे काळ्या मातीत तर अजिबातच शक्य नाही. मे महिन्यात आपल्या वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिथं सांडलेलं डिझेल सरळ खाली, पार मुरमापर्यंत उतरतं. पहिल्या पावसात माती फुगून भेगा मिटतात आणि डिझेल हवेविना आत अडकून राहतं.

म्हणून सांडल्याबरोबर फावडं घ्यायचं. भिजलेली माती तेलकट वास येईल तितकी खोल खणून काढायची आणि विहिरीपासून व नाल्यापासून लांब, जाड ताडपत्रीवर फूटभर थरात पसरायची. त्यात कुटार (भुसा) मिसळायचं, म्हणजे चिकण माती भुसभुशीत राहते. युरिया पाण्यात विरघळवून हप्त्याहप्त्यानं थोडा थोडा द्यायचा. एकदम दिला तर क्षार वाढून जिवाणूच मरतात. मूठ दाबली की गोळा व्हावा पण पाणी निथळू नये, इतकी ओल ठेवायची. दर आठवड्याला माती खालीवर करायची आणि पाऊस आला की झाकायची. याला काही महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त.

विहिरीत जीवामृत कधीही ओतू नका. शेणातले रोगजंतू थेट पिण्याच्या पाण्यात जातात आणि गूळ-बेसन कुजताना पाण्यातला उरलासुरला ऑक्सिजन संपतो. डिझेल पाण्यावर तरंगतं, ही आपली सोय आहे. आधी मोटर बंद करा. मग जाळीच्या पोत्यात कवडी (हलक्या प्रतीचा कच्चा) कापूस भरून पाण्यावर सोडा. कच्च्या कापसाच्या तंतूवर मेणाचा थर असतो, त्यामुळे तो पाणी टाळतो आणि तेल ओढतो. भिजलेला कापूस आगीपासून दूर, बंद डब्यात ठेवायचा. ते पाणी माणसांना नाही आणि गुराढोरांनाही नाही.

राहिला वास. वास येतो तो डिझेलच्या हलक्या भागाचा आणि उन्हात तोच आधी उडून जातो. जड भाग मातीच्या कणांना धरून बसतो. पाण्यावर रंगीत साय दिसली तर काडीनं हलवून पाहा. तुकडे पडून तसेच राहिले तर ती बहुधा लोहजिवाणूंची असते. पुन्हा जुळून आली तर तेलाची. पण पेरायचं की नाही हे काडीवर ठरवू नका. मातीतल्या एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बनची तपासणी प्रयोगशाळेत करून घ्या. साध्या माती परीक्षणात ती नसते, वेगळी मागावी लागते. अहवाल येईपर्यंत त्या तुकड्यात सांभार (कोथिंबीर), पालक लावू नका.