घोडा काकडीची कोशिंबीर खात नाही

आईबाबा इकडे फ्रँकफर्टला आले की पहिले दोन आठवडे बरे जातात. ऱ्हाईन होते, एखादा किल्ला होतो (बाबांच्या मते पन्हाळ्यापुढे काहीच नाही), इंडियन स्टोअरमधल्या भेंडीचा भाव रुपयात करून आईला झीट येते तेही होतं. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र बाबा सकाळी सातला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर बसतात आणि माझ्याकडे बघतात. बोलत काही नाहीत. नुसते बघतात.

बायको म्हणाली, "अरे नदीकाठी पोस्टा-टेलिफोनचं म्युझियम आहे की, बाबांना तिकडे ने." ती स्वतः येणार नव्हती, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

बाबा म्हणजे तारखात्यातले. हयात कडकट्ट कडकट्ट करण्यात गेली, मग टेलिप्रिंटर आले, मग रिटायर झाले, पण शब्दाला पैसे पडतात हे जे हाडात मुरलंय ते काही गेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर त्यांचा मेसेज येतो, "पोचलो. ठीक. आईपण." मी चार ओळी पाठवल्या तर उलट फोन करून विचारतात एवढं लिहायची काय गरज होती.

पहिल्यांदा गेलो तो सोमवार निघाला, म्युझियम बंद. "चौकशी नाही केलीस?" बाबा म्हणाले. तीन शब्द, पण मला परतीच्या ट्रामभर पुरले.

मंगळवारी परत गेलो, मी, आईबाबा आणि आमची नऊ वर्षांची लेक. दाराबाहेरच एक घोडा आहे आणि त्यावर जुने टीव्ही-रेडिओ जोडून बनवलेला स्वार, नाम जून पाइक नावाच्या कलाकाराने केलेला, नाव 'प्री-बेल-मॅन', म्हणजे टेलिफोनवाल्या बेलच्या आधीचा माणूस. बाबा थबकले. "बेलच्या आधी कोण?"

आता इथे मी नुसतं "माहीत नाही" म्हणायला पाहिजे होतं. पण घरून वाचून आलेलो ना, हौस. सांगितलं, की योहान फिलिप राइस नावाचा एक शाळामास्तर होता, त्याने १८६१ सालच्या ऑक्टोबरात ह्याच फ्रँकफर्टात तारेतून आवाज पाठवून दाखवला, बेलचं पेटंट १८७६ चं, आणि राइस बिचारा १८७४ लाच गेला. बाबांचा चेहरा असा झाला की जणू मी घराण्याचं कुलदैवतच बदललं. मग वातावरण हलकं करायला म्हणून मी पुढचं सांगितलं, की राइसच्या त्या यंत्रातून बोललेलं जे वाक्य प्रसिद्ध आहे ते असं: घोडा काकडीची कोशिंबीर खात नाही.

"का खात नाही?" आई.

"अगं ते तसं नाही, मुद्दामच काहीच्या बाही वाक्य घेतलं, म्हणजे पलीकडच्याला अंदाजाने ओळखता येऊ नये, खरंच ऐकू आलं तरच सांगता येईल."

बाबांचा चेहरा एकदम खुलला. "करेक्ट! आमच्याकडे 'मदर' एवढं आलं की पुढचं 'सीरियस स्टार्ट इमिजिएटली' डोळे मिटून लिहायचो. त्याला काय परीक्षा म्हणायचं? हुशार होता मास्तर." राइस तिथल्या तिथे खात्यात रुजू झाला.

आई मात्र घोड्यावरच अडकलेली. "नीट चोचवून, दाण्याचं कूट घालून दिली असती तर खाल्ली असती."

आत मेंढ्या आहेत. खरंच. जां-लुक कॉर्नेक नावाच्या कलाकाराने जुन्या डबड्या फोनांच्या मेंढ्या केल्यात, तोंडाच्या जागी फोन, पाय रिसिव्हरचे, आणि अंगावर लोकर म्हणून फोनच्या गुंडाळीवाल्या वायरी. लेक आनंदाने किंचाळली, फोटोवर फोटो. बाबा हात मागे बांधून मेंढ्या मोजत होते. "आपल्या आळीत एका कनेक्शनसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं बसले, आणि ह्यांनी मेंढरं केली."

मग काचेमागे तारेची यंत्रं आली आणि माझे ग्रह फिरले. बाबा काचेला नाक लावून उभे, नातीला सांगतायत ई ला एक टिंब, टी ला एक रेघ, आणि सांगता सांगता बोट काचेवर कधी पडायला लागलं त्यांनाही कळलं नाही. कडकट्ट. कट्ट. कडकडकट्ट. तिथल्या गार्डबाई आल्या आणि मला जर्मनमध्ये अगदी सभ्यपणे म्हणाल्या की कृपया काच वाजवू नका.

"काय म्हणतायत?" बाबा.

आता सत्तरी उलटलेल्या माणसाला चारचौघांत, तेही नातीसमोर, काय सांगणार? मी म्हटलं, "तुमचा हात छान आहे म्हणतायत."

पुढचं सगळं ह्या एका वाक्याने झालं. बाबांनी बाईंना हात जोडून नमस्कार केला, बाह्या वर सरकवल्या, आणि आता दोन बोटांनी, पूर्ण स्पीडमध्ये, अख्खा मजकूर पाठवायला घेतला. आजूबाजूला शाळेची पोरं जमली. बाई परत आल्या, ह्या वेळी कपाळाला आठ्या. "अजून कौतुक?" बाबांनी विचारलं. शेवटी लेकीनेच सांगितलं, तिला माझ्यापेक्षा चांगलं जर्मन येतं. बाबांनी हात खिशात घातले आणि अर्धा तास माझ्याशी बोलले नाहीत.

बोलले ते तारांचा विषय निघाला तेव्हा. आपली तार जुलै २०१३ ला बंद झाली, त्या दिवशी बाबा जेवले नव्हते. जर्मनीत मात्र २०२२ च्या डिसेंबरपर्यंत तार पाठवता येत होती, हे मी सांगितलं. "नऊ वर्षं जास्त!" जणू शेजाऱ्याचा मुलगा बोर्डात आलाय. "आणि तू इथेच होतास. एक नाही पाठवलीस." (कुठे पाठवणार होतो? तिकडे घ्यायला तर ऑफिस पाहिजे!)

पोस्ट आणि टेलिकॉम आपल्याकडे १९८५ ला वेगळे निघाले, ह्यांची वाटणी १९९५ ची. वाटणीत पोस्ट एकीकडे गेलं, टेलिकॉम एकीकडे, पण हे म्युझियम सामाईक ठेवलंय. आई म्हणाली बरोबरच आहे, भाऊ वेगळे झाले तरी आजोबांचा फोटो काय अर्धा अर्धा फाडतात? पिवळी घोडागाडी बिडागाडी पण आहे, पण तोवर आईचे गुडघे बोलायला लागले आणि ती बाकावर बसली ती उठलीच नाही. आम्ही चार तास आत होतो. मी फोनवर पावलं बघितली, अकराशे. म्हणजे बाकीचा वेळ आम्ही नुसते उभे होतो.

निघताना बाबांनी एक पोस्टकार्ड घेतलं, मिरजेला मोठ्या काकांना टाकायला. तिकीट सव्वा युरो. म्हणजे अंदाजे सव्वाशे रुपये, म्हणजे आपली पन्नास पैशांची अडीचशे कार्डं, हा हिशोब त्यांनी तिकीट चाटता चाटता केला (ते चिकटणारं होतं, चाटायचं नव्हतं). मग नातीला पिनकोडवर प्रवचन: १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणला कुणी तर श्रीराम भिकाजी वेलणकरांनी, आपला मराठी माणूस, संस्कृतात कविता करणारा, पहिला आकडा चार म्हणजे आपल्याकडचा भाग, आणि मिरज ४१६४१०, झोपेत विचार. पत्ता असा कोरून काढला की आंधळ्यालाही हाताने वाचता यावा. मजकुराच्या जागी फक्त पाच शब्द: घोडा काकडीची कोशिंबीर खात नाही.

"खाली नाव तरी घाला," मी म्हटलं.

"अक्षर ओळखेल."

सतरा दिवसांनी पहाटे साडेपाचला फोन वाजला. मोठे काका. स्पीकरवर टाकला.

"काय रे, हे काय लिहिलंयस?"

बाबा ताडकन उठून बसले. "पोचलं? वाच. शब्दन् शब्द वाच."

"चष्मा कुठे ठेवलाय देव जाणे, पण दिसतंय मला सगळं. दादा काकडीची कोशिंबीर खात नाही." मग काकांचा आवाज चढला. "मी कधी खात नाही म्हणालो? परवा वहिनी काही बोलली का तुझ्याकडे? सव्वाशे रुपये घालून जर्मनीतून कळवायची गोष्ट आहे का ही?"

बाबांनी शांतपणे फोन ठेवला. "पाच शब्दांत एक चूक," ते म्हणाले, "नोकरीत असता तर मेमो मिळाला असता." आणि माझ्याकडे दुसरं कार्ड मागितलं.