काका, सुरक्षिततेचा प्रश्न आहे

गेल्या महिन्यात साताऱ्याला गेले असताना बाबांनी गाडीच्या सर्व्हिसिंगचे बिल माझ्यासमोर ठेवले आणि "हे जरा जास्त वाटते का गं?" असे विचारले. बिल १३,८६० रुपयांचे होते. गाडी पाच वर्षांची, छोटी पेट्रोल हॅचबॅक. बाबा निवृत्त शिक्षक, त्यामुळे बाजारहाट, बँक आणि वर्षातून दोन-चार वेळा पुण्याची फेरी यापलीकडे तिचा वापर नाही. आजवर ती जेमतेम २१,००० किलोमीटर चालली आहे. मी बिलाची एकेक ओळ वाचत गेले, तेव्हा इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि लेबर मिळून करासह ५,४६० रुपये झाले होते. उरलेले ८,४०० रुपये सात निरनिराळ्या कामांचे होते: इंजिन डीकार्बनायझेशन (म्हणजे इंजिनात साचलेला कार्बन काढणे), एसीचे निर्जंतुकीकरण, इंधन टाकीत ओतायचे क्लीनर, ऑइलमध्ये घालायचे अ‍ॅडिटिव्ह, अंडरबॉडी कोटिंग, उंदीर येऊ नयेत म्हणून फवारा आणि सीटची सफाई. डॅशबोर्डच्या कप्प्यात गाडीसोबत मिळालेली पुस्तिका अजून प्लास्टिकच्या पिशवीतच होती. ती काढून देखभालीचा तक्ता पाहिला, तर या सातांपैकी एकही काम त्यात नव्हते.

बाबांनी ही कामे मंजूर कशी केली, हे मी विचारले. सकाळी गाडी देताना सह्या केलेल्या जॉब कार्डवर, म्हणजे करायच्या कामांच्या कागदावर, फक्त नियमित सर्व्हिसिंग आणि साडेपाच हजारांचा अंदाज लिहिलेला होता. साडेअकराच्या सुमारास, बाबा पेन्शनच्या कामासाठी बँकेत रांगेत उभे असताना सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरचा फोन आला. "काका, गाडी उघडली आहे, इंजिनात कार्बन खूप साचला आहे, खालून गंजही दिसतो, सुरक्षिततेचा प्रश्न आहे, करून घेऊ ना?" बाबा हो म्हणाले. आयुष्यभर ज्या माणसाने दुसऱ्याच्या ज्ञानाचा मान ठेवला, तो माणूस वर्कशॉपमधल्या जाणत्या तरुणाला नाही कसे म्हणणार? मला राग आला तो याच गोष्टीचा. आठ हजार रुपये बाबांना जड नाहीत, परंतु ज्या विश्वासाने त्यांनी होकार दिला, त्या विश्वासाचीच किंमत वसूल केली गेली होती.

हा फोन नेमका अशा वेळी येतो, जेव्हा आपण गाडीपाशी नसतो, पुस्तिका हाताशी नसते, विचार करायला उसंत नसते आणि पलीकडचा माणूस "गाडी उघडून ठेवली आहे, लगेच सांगा" असे म्हणत असतो. आजारपणात निदान करणारा डॉक्टर आणि औषध विकणारा दुकानदार सहसा वेगळे असतात. इथे दोष शोधणारा, दुरुस्ती सुचवणारा आणि तिचे बिल करणारा एकच असतो. त्या मुलावर माझा वैयक्तिक रोष नाही. प्रत्येक गाडीमागे अशा जादा कामांचे किती रुपये आणले, यावर त्याचे महिन्याचे टार्गेट आणि इन्सेन्टिव्ह ठरते, हे या व्यवसायातले कोणीही सांगेल. या कामांना तिथे 'व्हॅल्यू अ‍ॅडेड सर्व्हिस' म्हणतात. टार्गेट लावणारे मालक मात्र समोर कधीच येत नाहीत, आणि गिऱ्हाइकाशी खोटे बोलण्याची पाळी पंचविशीतल्या मुलावर येते.

आता त्या कार्बनबद्दल, कारण भीती घालायला हा शब्द सर्वांत जास्त वापरला जातो. बाबांच्या गाडीत पेट्रोलचा फवारा इंटेक व्हॉल्व्हच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा आत सोडणाऱ्या झडपांच्या, अलीकडेच, हवेच्या मार्गात मारला जातो, त्यामुळे गाडी चालताना ते व्हॉल्व्ह पेट्रोलनेच धुतले जात असतात. एकवीस हजार किलोमीटर चाललेल्या, पिकअपची किंवा मायलेजची कसलीही तक्रार नसलेल्या अशा इंजिनाला डीकार्बनायझेशनची गरज नसते. ज्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये सोडले जाते, त्या डायरेक्ट इंजेक्शनच्या इंजिनात व्हॉल्व्हच्या पाठीमागे कार्बन खरोखरच साचतो. पण तिथे टाकीत ओतलेले क्लीनर त्या व्हॉल्व्हपर्यंत पोहोचतच नाही, कारण पेट्रोलच त्या वाटेने जात नाही. शहरात कमी वेगाने फिरणाऱ्या डिझेल गाडीच्या ईजीआरमध्ये, म्हणजे जळालेला धूर थोडा परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेत, काजळी धरते, तीही खरी अडचण आहे. म्हणजे काम खोटे नाही, ते भलत्या गाडीला लावणे खोटे आहे. अंडरबॉडी कोटिंगचेही तसेच. माझा मावसभाऊ रत्नागिरीत समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहतो. खारे वारे आणि चार महिन्यांचा पाऊस सोसणाऱ्या त्याच्या गाडीला ते करून घेणे शहाणपणाचे आहे. साताऱ्यात पत्र्याच्या शेडखाली उभ्या असणाऱ्या गाडीबद्दल ते सांगताना, निदान खालचा गंज दाखवायला तरी हवा होता.

माझ्या स्वतःच्या गाडीच्या वेळी मी हे दाखवून घेण्याचा आग्रह धरला होता, म्हणून मला फरक ठाऊक आहे. मला दुपारी फोन आला की पुढचे ब्रेक पॅड संपत आले आहेत, वीस टक्केच उरले आहेत, बदलावे लागतील. मी "येते, तोपर्यंत चाक तसेच काढून ठेवा" असे सांगून तासाभराने वर्कशॉपमध्ये गेले. अ‍ॅडव्हायझरला ते आवडले नाही. गिऱ्हाइकाने आत येऊ नये असा नियम असल्याचे त्याने सांगितले. मी शांतपणे म्हटले की ब्रेक माझ्या गाडीचे आहेत आणि पाहिल्याशिवाय मी मंजुरी देणार नाही. शेवटी मला आत सोडले. चाकाशी बसलेल्या वयस्कर मेकॅनिकने मी विचारल्यावर मोजपट्टी लावली. नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण दहा मिलिमीटर असतो आणि तो तीनच्या आसपास आला की बदलायचा असतो. माझ्या पॅडवर तो सहा मिलिमीटर होता. मेकॅनिकने माझ्याकडे पाहिले, अ‍ॅडव्हायझरकडे पाहिले आणि फक्त एवढेच म्हणाला, "ताई, पुढच्या सर्व्हिसिंगला परत बघू." त्याच पॅडवर गाडी पुढे चौदा हजार किलोमीटर चालली.

त्याच मेकॅनिकने त्या दिवशी मला एक काम आपणहून सुचवले आणि ते मी मुकाट्याने करून घेतले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषत राहते, ओलावा वाढला की ते कमी तापमानाला उकळू लागते, आणि पसरणी घाटासारख्या लांब उतारावर सतत ब्रेक लावताना ते उकळले, तर पेडल थेट खाली जाऊ शकते. म्हणून गाडी कमी चाललेली असली, तरी माझ्या गाडीच्या तक्त्यात दर दोन वर्षांनी ते बदलायला सांगितलेले आहे, आणि माझे साडेतीन वर्षे बदललेले नव्हते. बाबांच्या बिलात याचा उल्लेखही नव्हता. उंदरांचा फवारा होता, ब्रेक ऑइल नव्हते. सुरक्षिततेचे नाव घेऊन आठ हजारांची कामे विकणाऱ्या वर्कशॉपला पुस्तिकेतले, खरोखर सुरक्षिततेचे काम आठवले नाही, हे मला सर्वांत गंभीर वाटते.

कोणी म्हणेल की एवढी कटकट करण्यापेक्षा बाहेरच्या गॅरेजमध्ये जावे. अनेकजण जातात आणि चांगला, प्रामाणिक मेकॅनिक लाभला तर अवश्य जावे. परंतु वॉरंटी असेपर्यंत लोक घाबरतात आणि त्या भीतीचाही वापर होतो. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता, तो सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक माहिती स्वतंत्र गॅरेजांना मिळू न दिल्याबद्दल, म्हणजे ग्राहकाला एकाच दाराशी बांधून ठेवल्याबद्दल. पुढे ते प्रकरण अपिलात गेले, पण आयोगाने दाखवलेला बाजार आजही ओळखीचा वाटतो. वॉरंटीसाठी पाळायचा असतो तो पुस्तिकेतला तक्ता. त्याबाहेरचे कोटिंग, क्लीनर किंवा अ‍ॅडिटिव्ह नाकारल्यामुळे वॉरंटी जाईल असे कोणी म्हणाले, तर ते जॉब कार्डवर लिहून, सही करून द्यायला सांगावे. मी दोनदा सांगितले आहे आणि दोन्ही वेळा विषय तिथेच संपला.

लिहून घेणे हाच यातला खरा उपाय आहे, असे माझे अनुभवांती मत झाले आहे. गाडी देतानाच पुस्तिकेतल्या त्या पानाचा फोटो दाखवून आपल्या किलोमीटरला कोणती कामे येतात ते जॉब कार्डवर उतरवून घ्यावे आणि त्याखाली स्वतःच्या हाताने लिहावे की याव्यतिरिक्त कोणतेही काम लेखी मंजुरीशिवाय करू नये, बदललेले जुने भाग परत द्यावेत. फोन आलाच तर होकार किंवा नकार काहीच न देता फोटो, मोजमाप आणि रक्कम व्हॉट्सअ‍ॅपवर मागवावी. आणि हे काम या खेपेला केले नाही तर नेमके काय होईल, हा प्रश्न विचारावा. ज्या कामाची खरी गरज असते त्याचे उत्तर माहीतगार माणूस एका वाक्यात देतो. मंजुरीसाठी मोबाइलवर लिंक किंवा ओटीपी येतो, तो तर यादी पूर्ण वाचल्याशिवाय कधीच देऊ नये, कारण पुढे तीच आपली संमती म्हणून दाखवली जाते.

बाबांचे बिल घेऊन आम्ही दोघे त्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. व्यवस्थापकांनी आधी फोनवरच्या होकाराचा हवाला दिला. मी त्यांच्यासमोर सकाळचे जॉब कार्ड, त्यावरचा साडेपाच हजारांचा अंदाज आणि अडीच गुणा झालेले बिल ठेवले. मग बाबांनी त्यांच्या फाइलमधून दोन वर्षांपूर्वीचे, याच सेंटरचे बिल काढले. त्यातही अंडरबॉडी कोटिंग होते आणि सोबत त्याचे तीन वर्षांच्या वॉरंटीचे कार्ड होते. खोलीत काही क्षण कोणी बोलले नाही. कोटिंगचे २,८०० रुपये त्या आठवड्यात खात्यावर परत आले. उरलेल्या कामांबद्दल मी कंपनीच्या ग्राहक विभागाला लिहिले आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. त्यातून काही निघाले नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्याची आमची तयारी आहे. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क लागत नाही आणि तक्रार घरबसल्या ऑनलाइन दाखल करता येते.

परतताना बाबा बराच वेळ गप्प होते. घरी आल्यावर त्यांनी पुस्तिका प्लास्टिकमधून बाहेर काढली, चष्मा लावून तो तक्ता वाचला आणि वहीच्या कागदावर आपल्या शाळेतल्या सुवाच्य अक्षरात पुढच्या तीन वर्षांची कामे तारखांसह उतरवून काढली. ब्रेक ऑइलच्या ओळीखाली त्यांनी लाल पेनाने रेघ मारली आहे. पुढच्या आठवड्यात ते त्यासाठी गाडी घेऊन जाणार आहेत, आणि "तू येऊ नकोस, मी बघतो" असे त्यांनी मला आताच सांगून ठेवले आहे.