पाठांतर, रचना आणि सिद्धता : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. संगणकाने आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये रौप्यपदकाइतके गुण मिळवले हे माझ्या लेखातले विधान आपल्याला अतिशयोक्त वाटते. यंत्राने लाखो उत्तरे घोकून ठेवली आणि त्यांतले एक पुढे केले, असे आपले म्हणणे आहे. अतिशयोक्तीचा आक्षेप मला बराचसा मान्य आहे, घोकंपट्टीचा नाही.

जुलै २०२४ मध्ये गूगल डीपमाइंडच्या अल्फाप्रूफ आणि अल्फाजॉमेट्री २ या प्रणालींनी मिळून त्या वर्षीच्या सहापैकी चार प्रश्न सोडवले आणि ४२ पैकी २८ गुण मिळवले. सुवर्णपदक २९ गुणांपासून होते. मात्र विद्यार्थ्यांना तीन प्रश्नांसाठी साडेचार तास मिळतात, तर यंत्राने काही प्रश्नांना तीन दिवसांपर्यंत वेळ घेतला, शिवाय प्रश्न संगणकाला तपासता येईल अशा औपचारिक भाषेत माणसांनीच उतरवून दिले होते. लेखात हे मी एका वाक्यात उरकले, ही माझी चूक.

आता घोकंपट्टीविषयी. शाळेत आपण पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असे मथळे घालून प्रमेये लिहिली आहेत. समद्विभुज त्रिकोणाच्या प्रमेयात शिरःकोनाचा दुभाजक काढला की बाकोबा कसोटीने पुढचे सगळे आपोआप येते. अवघड असते ते ‘दुभाजक काढावा’ हे सुचणे, कारण ती रेषा पक्षात कुठेच नसते. जानेवारी २०२४ मधल्या पहिल्या अल्फाजॉमेट्रीत कामाची वाटणी नेमकी अशीच होती : भाषा-प्रारूप (आधीच्या मजकुरावरून पुढचा मजकूर सुचवणारी संगणक-प्रणाली) रचना सुचवी आणि नियमांवर चालणारा दुसरा भाग तिच्यातून निष्कर्ष काढी. तिच्या सरावासाठीची सुमारे दहा कोटी उदाहरणे यंत्रानेच तयार केली होती, माणसांनी लिहिलेल्या सिद्धता त्यांत नव्हत्या. तरीही ऑलिंपियाडच्या जुन्या प्रश्नपत्रिकांतील भूमितीच्या तीसपैकी पंचवीस प्रश्न तिने सोडवले. घोकायला समोर उत्तरच नसेल, तर त्याला पाठांतर कसे म्हणावे?

अल्फाप्रूफची गोष्ट वेगळी आहे. तिची प्रत्येक पायरी लीन ही प्रणाली तपासते आणि चुकीची पायरी तिथेच नाकारली जाते. बेरजेचा ताळा जुळला नाही की आपण ती पुन्हा करतो, तसेच हे. फरक एवढाच की इथे ताळा उत्तराचा नसून युक्तिवादाचा असतो. त्यामुळे यंत्राने अंदाज बांधले तरी बिघडत नाही, चुकीचा अंदाज सिद्धतेत शिरूच शकत नाही. (यंत्राला हे सगळे ‘समजते’ का, हा आपला प्रश्न मी टाळतो आहे, याची मला कल्पना आहे.)

आपल्या शंकेला खरे बळ देणारी गोष्ट मात्र आपल्या प्रतिक्रियेत आलीच नाही. न सुटलेले दोन्ही प्रश्न संयोजनशास्त्राचे, म्हणजे मांडण्या आणि शक्यता मोजण्याच्या गणिताचे, होते. त्यांतल्या एकात २०२४ ओळी आणि २०२३ स्तंभांच्या पटावर २०२२ राक्षस दडलेले आहेत, राक्षस भेटला की गोगलगायीला पुन्हा पहिल्या ओळीपासून निघावे लागते, आणि किती प्रयत्नांत ती हमखास शेवटच्या ओळीत पोहोचेल, असे विचारले आहे. उत्तर फक्त ३ आहे, आणि ते त्या यंत्राला सापडले नाही.