फुल इन्शुरन्स

नागपुरात मे महिन्यात तुम्ही माणसाला धडक दिलीत, तर लोक आधी दोघांनाही पाणी पाजतात आणि मग भांडतात. कूलरला धडक दिलीत, तर पाणी मिळत नाही. अनुभव आहे.

खामल्यातली आमची गल्ली तशी दोन गाड्यांची. उन्हाळ्यात ती दीडची होते, कारण दोन्ही बाजूंच्या खिडक्यांना पत्र्याचे कूलर लागतात आणि त्यांचे लोखंडी स्टँड रस्त्यावर पाय पसरून उभे राहतात. त्या दिवशी दुपारचा दीड, पारा 45 च्या घरात. डावीकडच्या कूलरखाली ठिबकून साचलेल्या डबक्यात एक कुत्रं पोट टेकून पडलं होतं. मी हॉर्न दिला. त्याने एक डोळा उघडला, माझ्याकडे पाहिलं, उन्हाकडे पाहिलं आणि डोळा मिटला. मी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं. उजवीकडे शेजारच्या काकांचा कूलर होता.

स्टँड वाकला, कूलर बॉनेटवर आडवा झाला आणि टाकीभर पाणी ताट्यांसकट समोरच्या काचेवर आलं. गाडीत वाळ्याचा इतका सुरेख वास पसरला की मी क्षणभर उतरलोच नाही.

"काहून मास्तर, एवढ्या गल्लीत आमचाच कूलर दिसला काय तुम्हाले?" काका बनियनवर बाहेर आले. मागे काकू, हातात पुठ्ठ्याचा पंखा. "चुकलं काका, माझंच चुकलं," असं मी चार वेळा म्हटलं आणि वर दिलासा दिला, "काळजी नका करू, फुल इन्शुरन्स आहे."

त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा पॉलिसी वाचली. चष्मा लावून, मग चष्मा काढून, मग मुलीच्या मोबाइलवर अक्षरं मोठी करून. 'फुल' हा शब्द तीत कुठेच नव्हता. दोन भाग होते: एक माझ्या गाडीच्या नुकसानीचा, दुसरा थर्ड पार्टीचा, म्हणजे माझ्या गाडीने इतरांच्या केलेल्या नुकसानीचा. 1988 च्या मोटार वाहन कायद्याने सक्ती आहे ती फक्त दुसऱ्या भागाची. म्हणजे सरकारला माझ्या बॉनेटचं काही पडलेलं नाही. त्याला काकांच्या कूलरची काळजी आहे. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत संरक्षण, असं छापलेलं पाहून मला बरं वाटलं. साडेसात लाखांत अख्ख्या खामल्याला कूलर बसले असते.

मेहुणा हाच आमचा एजंट. त्याला फोन केला. "भाऊजी, ते पैसे असे मिळत नाहीत. काकांना मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागेल."

"आणि कूलर?"

"निकाल लागेपर्यंत हिवाळा येईल. कोणता, ते विचारू नका. आणि तुम्ही चूक कबूल नाही ना केली कुठे? कंपनीच्या लेखी संमतीशिवाय कबुली द्यायची नाही, पैसे द्यायचे नाहीत. अट असते तशी."

मी चार कबुल्या आठवल्या. साक्षीदार काकू. तसंही शेजाऱ्याला लेखी संमती येईपर्यंत घामात बसवणं आपल्याच्याने होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या कूलरचे 9,000 रुपये काकांच्या हातात ठेवले आणि तो पैसा विम्याच्या हिशेबातून उठला.

राहिली माझी गाडी. क्लेम नोंदवायला फोन लावला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "समोरच्या वाहनाचा नंबर सांगा."

"वाहन नाही, कूलर आहे."

थोडी शांतता. "सर, कूलर चालू होता का?"

"हो."

"म्हणजे चालत्या वस्तूला धडक?"

तिला नागपूर समजावण्यात सात मिनिटं गेली.

गॅरेजमध्ये नुकसान मोजायला विमा कंपनीचे सर्वेअर आले. आमच्या गावाला झिरो माइलचा दगड आहे. इंग्रजांच्या सर्वेअरांनी देश मोजला त्या काळाची ती खूण. या सर्वेअरांनी फक्त माझी गाडी मोजली, पण इंग्रजांपेक्षा कमी बारकाईने नाही. गाडी सहा वर्षांची. बंपर प्लॅस्टिकचा, म्हणून त्याचे निम्मेच पैसे. हेडलाइटचंही तेच. बॉनेट पत्र्याचं, पाच वर्षांवरच्या गाडीला पत्र्यावर 40 टक्के घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात. रंगाच्या बिलात चौथा हिस्सा माल धरायचा आणि त्या मालाचा अर्धा कापायचा. क्लिपा, नटबोल्ट, कूलंट हे 'कंझ्युमेबल्स', त्यांचं वेगळं कव्हर मी घेतलेलं नाही. वर पंधराशे सीसीखालच्या गाडीला 1,000 रुपये सक्तीने पदरचे.

"असं काही आहे का, ज्याचे पूर्ण पैसे मिळतात?" मी विचारलं.

"मजुरी. आणि काच. काचेला घसारा नाही."

आम्ही दोघांनी काचेकडे पाहिलं. पाण्याने धुऊन लख्ख झाली होती. एक ओरखडा नाही.

"झिरो डेप घेतलं असतं तर हा घसारा लागला नसता साहेब," गॅरेजवाला हळहळला. घेतलं होतं की! पाच वर्षं घेतलं आणि पाच वर्षांत मी कशालाच धडकलो नाही. सहाव्या वर्षी मेहुण्याला म्हटलं, काढून टाक, उगाच पैसे जातात.

बिल 31,400. कंपनी देणार 19,300. मी पेढे आणायच्या बेतात होतो, तेवढ्यात बायकोने लग्नपत्रिकेचं पाकीट उलटं करून हिशेब मांडला. क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर सूट म्हणून मिळणारा बोनस, एनसीबी, आमचा 50 टक्क्यांवर पोचलेला. एक क्लेम केला की थेट शून्य. मग पुन्हा 20, 25, 35, 45 अशा पायऱ्या चढायच्या. आपल्या गाडीच्या भागाचा प्रीमियम सूट धरण्याआधी 8,000. दरवर्षी तोच धरला तर 50 टक्क्यांवर परत पोचेपर्यंत जास्तीचे 10,000 जाणार.

"एकोणीस तीनशेतून दहा गेले, नऊ तीनशे. त्यातून कूलरचे नऊ. तीनशे उरले." तिने तीनशेभोवती गोल काढला. "गॅरेजमध्ये आपले बारा हजार शंभर जातायत, ते मी धरलेच नाहीत. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

तीनशेची आम्ही चौघांनी तर्री-पोहे खाऊन वासलात लावली. वर जिलबी.

काकांचा नवा कूलर पहिल्यापेक्षा मोठा आहे. स्टँड वीतभर आणखी बाहेर आलाय, ठिबकतोही जास्त. कुत्रं आता तिथे झोपतं.